तेविसावी फीत

१४ ऑक्टोबर २०२३

ऑरिन,

पाकिटावर मुद्दाम मोठ्या अक्षरात 'सहीचे कागद' असं लिहिलंय, म्हणजे तू ते न फोडता परत पाठवणार नाहीस. चार नाताळची चार कार्डं जशीच्या तशी परत आली. तक्रार नाही. फोनचा नंबर बदललास, त्याचीही नाही. पण निम्मं रान तुझ्या नावावर आहे आणि तुझ्या सहीशिवाय हे काम अडलंय, म्हणून ही मोठी बहीण तुला छळतेय.

काम असं. पाखरांची मोजदाद करणाऱ्या संस्थेची एक बाई आली होती, टेसा नावाची. तीन दिवस आपलं रान पायाखाली घातलं. तिच्या यादीत बसलो तर मेपलचा रस आटवायच्या आपल्या रसघराच्या दारावर पाटी लागते आणि पाकाच्या बाटलीवर शिक्का, की या रानात मेपलबरोबर पाखरंही नांदतात. अटी बहुतेक आपण आधीपासूनच पाळतो. चार झाडांत एक तरी मेपल नसलेलं हवं. खालची झुडपं भादरायची नाहीत, कारण गुडघाभर उंचीवर घरटी करणारी पाखरं आहेत. पडलेला ओंडका पडू द्यायचा. आणि वठलेली काही झाडं उभी ठेवायची, सुतारपक्ष्यांसाठी, घुबडांसाठी.

आपले वडील असते तर म्हणाले असते, "हे रान आहे की अडगळीची खोली?" त्यांचं रान आठवतं ना, मेपलखेरीज दुसरं झाड औषधाला नाही, खालची जमीन ओट्यासारखी लख्ख. आणि मग सुरवंटांचं ते वर्ष. तू नऊ वर्षांचा होतास, मी पंधरा. जूनमध्ये एक पान शिल्लक राहिलं नव्हतं. रानात उभं राहिलं की पावसाची भुरभुर ऐकू यायची, आणि हात पुढे केला की हातावर सुरवंटांच्या लेंड्या पडायच्या. तू माझ्या जाकिटात तोंड खुपसून रडला होतास. खाणारं एक पाखरू नव्हतं, ऑरिन, कारण त्यांना राहायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून मी अशी आहे. तू म्हणायचास तशी, 'पाखरांची आई'.

आता अॅशची झाडं मरतायत. साल पोखरणारा तो हिरवा किडा आपल्या डोंगरावरही पोचला. साली सोलून निघतायत, शेंडे काचेसारखे ठिसूळ झालेत. दोन-तीन वर्षांत एक अॅश जिवंत राहणार नाही. सुतारपक्ष्यांची चंगळ आहे. टेसा म्हणाली, उभी मेलेली झाडं पुष्कळ मिळतील तुम्हाला. हे ती आनंदाने म्हणाली की कसं, मला कळलं नाही.

आणखी एक. मार्गो आलीये. ऑगस्टपासून इथेच आहे. तुझी लेक आता चोवीस वर्षांची बाई झालीये, कॉलेज संपवून सरळ माझ्या दारात बॅग आपटली आणि म्हणाली, "आत्या, मला पाक काढायला शिकव." नको म्हणणारी मी कोण? तिच्या आईच्या खोलीत झोपते. लिझेटसारखीच लाकडं फोडते, डाव्या हाताने.

टेसाला डोंगरावरची, मेपलची वरची ओळही पाहायची होती. मी म्हटलं, तिकडची वाट खराब आहे.

वाट खराब नाही. मी गेलेच नाहीये तिकडे, एवढंच. त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. उगाळत बसून कोणाचं भलं व्हायचंय?

खुणा केलेल्या तिन्ही जागी सही कर. उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल.

व्हर्ना


३ डिसेंबर

ऑरिन,

कागद मिळाले. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली ओळही मिळाली: 'मार्गोला वरच्या ओळीला पाठवू नकोस.' तुझं अक्षर इतकं बारीक कधी झालं? वाचायला भिंग लागलं.

तुझी ओळ पोचायच्या आधीच ती जाऊन आली होती. मी पाठवलं नाही. शुक्रवारी जेवायला बसलो, घेवडा आणि डुकराचं मटण केलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "आज मी आई गेली ती जागा बघून आले." मी हातातला चमचा खाली ठेवला.

"त्या पडलेल्या बर्चचा बुंधा अजून आहे," ती म्हणाली. "कमरेएवढा. वाटेपासून आठ पावलं, मी मोजली. आठ! आणि रस खाली आणणारी नळी बरोबर त्याच्या खालून जाते. आत्या, बाबा तिथून त्या आठवड्यात किती वेळा गेले असतील? इतकं मोठं वठलेलं झाड, वाटेवर वाकलेलं. फीत बांधायला माणूस विसरतो कसा?"

मी म्हटलं, "खा. गार होतंय."

"तू नेहमी त्यांची बाजू घेतेस."

मी कुणाचीही बाजू घेतली नव्हती. पण तिला तसं वाटतं, आणि त्यामुळे मी तिला जास्तच आवडते. तुला हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

आता ती वाटेच्या कडेच्या अॅशना फिती बांधत हिंडतेय, नारिंगी, तुझ्या वेळच्यासारख्याच. फीत दिसेल ते झाड पहिला रस यायच्या आत पाडायचं. पाडायला हॉलिस येईल. हो, तोच. मला दुसरा कोणी हवा होता, पण मार्गोने परस्पर बोलणं केलं. त्या वर्षानंतर त्याला या भागात रानाचं काम कोणी दिलं नाही, ठाऊक आहे का तुला? 'हॉलिस झाड सोडून जातो' असं झालं. लोकांच्या शेगड्यांसाठी लाकडं फोडून दिवस काढतो. गुडघा गेलाय. आला तो मला बघून टोपी काढून म्हणाला, "काय पाखरांच्या आई, माझं तोंड बघायची तयारी आहे ना?"

मी म्हटलं, "तोंड काय बघायचंय, करवतीला धार आहे का ते बघ."

तो हसला. पण माझ्याकडे बघायचा थांबला नाही.

व्हर्ना


२१ जानेवारी २०२४

ऑरिन,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. लिहिते कारण हॉलिसकडून काहीबाही तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून आलेलं बरं.

गेल्या मंगळवारी तो रसघरात कॉफी प्यायला थांबला. मार्गो खाली रसाच्या टाक्या साफ करत होती. तो म्हणाला, "व्हर्ना, एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी ऑरिनने मला फोनवर तेवीस झाडं सांगितली होती. मी बावीस पाडली. तेविसावी फीत शोधत दोन तास हिंडलो. मग म्हटलं, पाठदुखीने आडवा पडलाय, औषधांच्या गुंगीत चुकला असेल एका आकड्याने."

"चुकलाच असेल," मी म्हटलं.

"तेव्हा मीही तेच धरलं. पोलिसांनी विचारलं, झाडाला फीत होती का? मी सांगितलं, नव्हती. खरंच नव्हती. तेवीसचं कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. आपलं नाव त्यात आणखी कशाला घ्या." त्याने कप खाली ठेवला. "पण आता ही पोरगी फिती बांधते ना, ती वहीत लिहून ठेवते. विचारलं तर म्हणाली, बाबांची सवय. त्यांचीही वही होती. ती कुठे आहे, व्हर्ना?"

मला काय ठाऊक तुझी वही कुठे आहे.

म्हातारपणी माणसाला एकेक सुचतं. बायको गेल्यापासून तो एकटा बसून गोष्टी रचतो. जाताना दारात वळून म्हणाला, "काहील चढायच्या आत तू बोल. नाहीतर मी बोलेन." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

थंडी फार आहे. रात्रीच्या गारठ्याने मेपल फुटल्याचे आवाज येतात, बंदुकीसारखे. मार्गो दचकत नाही. मी दचकते.

व्हर्ना


१८ फेब्रुवारी

ऑरिन,

हे पत्र नीट वाच.

आज दुपारी मार्गो वरून धावत आली. गाल लाल, बर्फ कमरेपर्यंत. "आत्या, घुबडं! वरच्या ओळीच्या शेवटच्या वळणावर तो जाडा अॅश आहे ना, त्याच्या ढोलीत जोडी आहे. मादी आत बसली होती, मी तिचं तोंड पाहिलं!"

मी विचारलं, "त्या झाडाला तू फीत बांधली होतीस ना?"

"काढली," ती म्हणाली. खिशातून नारिंगी फीत काढून माझ्यासमोर टेबलावर टाकली. "तोडायचं कसं आता?"

ऑरिन, माझ्या हातातली बशी फुटली. मी ओरडले तिच्यावर. काय काय बोलले ते आठवत नाही. माझ्याकडे बघत ती दारापर्यंत मागे सरकली. "आत्या, तुला झालंय काय? अगं, मी नळी हलवतेय! हॉलिसला सांगितलंय. वळणाच्या खालून पन्नास पावलांवरून नेतो, वाट बंद करतो, दोरी लावतो, पाटी लावतो. झाडाच्या जवळपास कोणी फिरकायचंच नाही. दोन तासांचं काम आहे."

दोन तासांचं काम.

ती आणि हॉलिस संध्याकाळच्या आत ते करून आलेसुद्धा. हॉलिसने नवी नळी ओढली, तिने खिळे मारले. येताना हसत होते दोघं. हॉलिसने जाताना माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने हवामानाच्या कॅलेंडरवर टकटक केलं. पुढच्या आठवड्यात ऊन पडणार आहे. रस सुटणार.

मी उद्यापरवा पुन्हा लिहिते.

व्हर्ना


२६ फेब्रुवारी

ऑरिन,

आठ दिवस घेतले मी. आता आडवळणं नकोत.

तू फीत बांधली होतीस. मी काढली.

शनिवार होता, ९ फेब्रुवारी २०१९. तू शुक्रवारी सगळी वरची ओळ फिरून फिती बांधल्या होत्यास आणि त्याच संध्याकाळी तुझी पाठ धरली. सकाळी मी एकटीच वर गेले. बर्चला फीत होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर, दोन गाठी, तुझ्या नेहमीच्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात तीन संध्याकाळी मी तिथे घुबडांची जोडी घुमताना ऐकली होती. मला खात्री होती की त्या ढोलीत ती अंडी घालणार.

पुस्तिका माझ्याकडे होती. वनखात्याची, २०१६ पासून. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं: वठलेली झाडं राखा, पण जिथे माणसांचा वावर आहे तिथे आधी माणूस बघा, झाड पाडा, नाहीतर वाट हलवा. मला ते पाठ होतं. नळी हलवायची तर तुला सांगावं लागलं असतं, आणि तुला सांगायचं तर तू जेवणाच्या टेबलावर जे म्हणालास ते पुन्हा ऐकावं लागलं असतं. आठवतं? जानेवारीत, लिझेटच्या माहेरच्या माणसांसमोर. "या घरात माणसापेक्षा पाखराला मान जास्त आहे. व्हर्नाला पोरं नाहीत ना, म्हणून." सगळे हसले. लिझेट हसली नाही. तिने टेबलाखालून माझा हात दाबला.

तेवढ्यासाठी, ऑरिन. मला तुझ्याकडे काही मागायचं नव्हतं. मी गाठी सोडल्या, फीत खिशात टाकली आणि मनाशी म्हटलं, एकदा पिल्लं उडाली की जूनमध्ये मीच सांगेन, तेव्हा पाडू. हॉलिस आला, बावीस झाडं पाडून गेला. तू अंथरुणात होतास. रस सुरू झाला. महिनाभर मी त्या वाटेने जाताना वर बघायची, आणि दर वेळी म्हणायची, अजून आहे उभं.

११ मार्चला वारा होता. वरच्या ओळीचा दाब पडला, म्हणजे नळी कुठेतरी सुटली होती. तू काहिलीपाशी होतास. मी जाते म्हटलं, लिझेट म्हणाली, "तुमचे गुडघे आहेत का असले? बसा, मी आले पटकन." मी तिला म्हटलं नाही की थांब. मला माहीत होतं झाड कुठे आहे, वारा किती आहे, सुटलेली नळी बहुधा कोणत्या वळणावर असते. तोंडात शब्द होता. म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम.

चाळीस मिनिटांनी तू गेलास. तू तिला बर्चखालून काढून उचलून आणलंस तेव्हाची मला तुझी पावलं ऐकू येतात, बर्फात खोल जाणारी. तू गाडीसाठी फोन करत होतास आणि मार्गो किंचाळत होती, आणि मी चुलाणाचं दार उघडून फीत आत टाकली. तिचा काळा धूर झाला, प्लास्टिकचा. कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी पोलीस गेल्यावर तू स्वयंपाकघरात बसून मला विचारलंस, "व्हर्ना, त्या बर्चला मी फीत बांधली होती. होती ना? मला आठवतंय मी बांधलेली."

मी म्हटलं, "मी नाही पाहिली, ऑरिन."

तू बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "मग नसेल." पोलिसांना दुसऱ्या दिवशी तेच सांगितलंस, आणि मीही जबाब दिला, फीत नव्हती म्हणून. मार्गोने दफनाच्या वेळी तुला सगळ्यांसमोर जे म्हटलं, ते मी तुझ्या शेजारी उभी राहून ऐकलं. तुझी वही माझ्याकडे आहे. तेवीस आकडा आहे तिच्यात, आणि 'बर्च, वळण तिसरं' असं लिहिलंय. ती या पाकिटात आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितली नाही तर कबुली अर्धीच राहील. बर्च पडल्यावर ढोली फुटून उघडी पडली होती. दोन दिवसांनी मी जाऊन पाहिलं. आत खारीने भरलेली वाळकी पानं होती. एक पीस नव्हतं. त्या वर्षी तिथे घुबडं नव्हतीच.

रविवारी मार्गोला सांगणार आहे. तू आधी वाचावंस म्हणून हे आजच्या टपालात टाकते. हॉलिसने मुदत दिली म्हणून सांगतेय असं तुला वाटेल. काही अंशी तसंच आहे. मी स्वतःहून किती वर्षं घेतली असती, मला माहीत नाही.

व्हर्ना


७ मे

ऑरिन,

आता हे पत्र तुझ्या नेब्रास्काच्या पत्त्यावर जायचं नाही. आठ मैलांवर, डोंगरावर, आपल्या रानातल्या घरी जायचंय. पोस्टातली मुलगी पत्ता बघून म्हणाली, "स्वतःच्याच घरी पत्र?" मी म्हटलं, "हो."

मी लाँड्रीच्या वरची खोली घेतलीये. दिवसभर खालून यंत्रांची घरघर येते. सवय होईल.

तू आलास तेव्हा आपलं बोलणं असं झालंच नाही, म्हणून जे तुला माहीत नसेल ते लिहिते. रविवारी मार्गोला सांगितलं तेव्हा काहील चढलेली होती. तिने सगळं ऐकलं. जाळ कमी झाला होता. तिने उठून दोन ओंडके आत सारले, फेस चढला तो मोडला, पाक गाळून बाटल्या भरल्या. चार तास हे चाललं होतं. रस थांबत नाही, तिलाही ते ठाऊक होतं. मी बाटल्यांना झाकणं लावत होते. मी लावलेलं प्रत्येक झाकण ती पुन्हा एकदा घट्ट करत होती.

मग म्हणाली, "पाच वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. तू मला दर नाताळला विचारायचीस, कार्डावर सही करतेस का म्हणून. मी नाही म्हणायचे. तू पेन परत ठेवायचीस."

"हो," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं की तुला बरं वाटायचं का?"

ऑरिन, मी तिला खोटं सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो. थोडं."

सहीच्या कागदांवरून तुझा नवा नंबर उतरवून ती फोन घेऊन टेकाडावर गेली, जिथे रेंज येते. बर्फात दीड तास उभी होती. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. परत आली ती दुसरीच कोणी. माझ्यासमोर उभी राहून तिने मला सांगितलं, आणि तेव्हा मला प्रथम कळलं, की मी तुझं काय केलंय.

मला वाटायचं मी तुझ्यावर एक चूक ढकलली. एक विसर. माणूस विसरतो, तेवढंच. वडिलांचे शेवटचे दिवस मी विसरले होते. ते आपल्याला ओळखेनासे झाले, रसघरात जाळ पेटवून निघून जायचे, तुलाच शोधून आणायला लागायचं. तू तेव्हापासून त्याच भीतीत होतास, आणि मी त्या संध्याकाळी तुला सांगितलं की तुला जे आठवतंय ते घडलंच नाही. मार्गो म्हणाली, तू तीन डॉक्टर केलेस. डॉक्टर म्हणाले काही नाही, तरी पटलं नाही. ट्रक विकलास. गाडी चालवणं सोडलंस, कोणाला तरी मारशील म्हणून. धान्याच्या कोठारात यंत्रावर घेत होते तर तू झाडू मागून घेतलास. प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहायचास, आणि कागद पुरावेत म्हणून बारीक लिहायचास. दार लावलं. गॅस बंद केला. दार लावलं.

मी तुझं बारीक अक्षर पाहून भिंग घेतलं होतं, आणि थट्टा केली होती.

हॉलिस तुला बसवरून घेऊन आला, तू अंगणात उतरलास, तेव्हा मी पायरीवर होते. तुझे केस सगळे पांढरे. मला वाटलं मारशील, किंवा शिवी देशील. दोन्हीची तयारी होती. तू म्हणालास, "पाच वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, व्हर्ना." आणि आत गेलास. नंतर उरलेला हंगाम तुम्ही तिघांनी ओढला आणि मी माझं सामान बांधलं. तू मला जा म्हणाला नाहीस. थांबही म्हणाला नाहीस. मार्गोने माझ्या पेट्या गाडीत ठेवल्या, नीट, कोपऱ्यांना कागद लावून. मिठी मारली नाही. मी पुढेही झाले नाही.

टेसाला मी सगळं लिहून कळवलं. तिने फोन केला. म्हणाली, पाटी रानाची असते, माणसाची नसते. जूनमध्ये ती मोजायला येईल तेव्हा मार्गोशी बोलेल. मार्गोला सांग, दोरीच्या आत झुडपं दाट होतील तशी होऊ दे. आणि वाटेकडेचे अॅश दर हिवाळ्याआधी नव्याने तपासायचे, गेल्या वर्षी भक्कम होता म्हणून यंदा भक्कम धरायचा नाही. ते फार झपाट्याने सडतायत. हे मी सल्ला म्हणून नाही, भीती म्हणून लिहिते.

माझ्या वाट्याचं निम्मं रान मार्गोच्या नावावर करायचे कागद वकिलाकडे आहेत. हे देणं नाही, आणि त्याने काही फिटत नाही. मला तिथे मालकीण म्हणून पाय ठेवायचा नाही, इतकंच.

आता मुख्य गोष्ट. गेल्या सोमवारी मी पोलिसांकडे गेले. २०१९ चा माझा जबाब खोटा होता, असं सांगितलं. पुढ्यात बसलेला मुलगा इतका तरुण होता की त्याला आधी ते प्रकरण शोधावं लागलं. त्याने दोनदा विचारलं, "तुम्हाला नक्की हे लिहून द्यायचंय?" मी लिहून दिलं. काल वरच्या ऑफिसातून फोन आला. आवाज सभ्य होता. येत्या गुरुवारी दहा वाजता बोलावलंय, आणि येताना वकील आणा म्हणाले. त्यापुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हॉलिस मला घेऊन जाणार आहे. म्हणाला, "पाखरांच्या आई, डबा घेऊन ये, तिथे फार वेळ बसवतात."

ते तुलाही बोलावतील. म्हणून हे पत्र. तुला मी ओळखते. लहानपणी मी वडिलांच्या रसघराची काच फोडली तेव्हा तू आठ वर्षांचा असताना पुढे होऊन म्हणाला होतास, मी फोडली. माझ्यावर रागावलेला असतानासुद्धा तू तेच करशील, म्हणशील, बहिणीचं वय झालंय, तिला नीट आठवत नसेल.

तसं म्हणू नकोस. मला सगळं नीट आठवतंय, आणि तुलाही आठवत होतं. फीत होती. दोन गाठी होत्या. विचारतील तेव्हा मान वर करून सांग, की तू बांधली होतीस.

व्हर्ना